गच्ची भाड्याने देण्याआधी

अगं सुले, मोबाइल टॉवरसाठी गच्ची दिली की घरबसल्या महिन्याच्या महिन्याला भाडं म्हटल्यावर कुणालाही भुरळ पडेल, तुला पडली तर त्यात वावगं काही नाही. खाली हातमाग, वर रिकामी गच्ची, आणि पैठणीचा धंदा कधी तेजीत तर कधी मंदीत. पण तू म्हणालीस ना, "ताई, नगरपरिषदेचं सगळं टॉवर कंपनीच बघणार आहे, आपल्याला फक्त सही करायची," तिथे मला खटकलं. बांधकाम विभागाच्या टेबलावर माझी सारी नोकरी गेली. अर्ज कंपनीचा असतो, पण इमारत तुझी असते, आणि उद्या नोटीस आली तर ती तुझ्याच दाराला चिकटवतात.

आता कंपनीचा माणूस तुला सांगेल, की खाजगी इमारतीवर अँटेना लावायला परवानगीच लागत नाही. त्यात तथ्य आहे. केंद्राने 2022 मध्ये दूरसंचार मार्गाधिकाराचे ('राइट ऑफ वे') नियम बदलले, तेव्हा खाजगी जागेसाठी स्थानिक संस्थेच्या परवानगीऐवजी कामाआधी लेखी पूर्वसूचना पुरेशी ठरवली. पण त्या सूचनेसोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा असतो, हे तो सांगणार नाही. पुढे 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले, ते 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. म्हणून तोंडी काही ऐकू नकोस. नगरपरिषदेत आपल्या घराच्या नावाने काय दाखल केलंय त्याची आवक शिक्क्याची प्रत माग. देत नसेल तर आपणहून जाऊन विचार. त्या खिडकीवर कुणी तुला खात नाही.

तो दाखला कुणी दिला, ते बघ. इंजिनिअर घरी आला होता का? पाया, बीम, कॉलम बघितले का? की कागद टेबलावरच तयार झाला? तुमचं मागचं अर्धं घर जुन्या विटामातीचं आहे आणि पुढचं आरसीसी. अँटेना हलकी असते गं. वजन असतं ते बॅटऱ्यांचं, कपाटांचं आणि जनरेटरचं. जनरेटर गच्चीवर नकोच म्हणून सांग. मोराच्या पिसाऱ्यात रंगीत रेशमाचा एकेक धागा भरत बसलेल्या कारागिराच्या डोक्यावर दिवसरात्र धडधड कशाला? आणि स्लॅबला भोकं पाडली तर वॉटरप्रूफिंग कोण करणार, तेही लिहून घे. पहिल्या पावसात थेंब पडतो तो नेमका मागावर.

आणखी एक, जे तू भाऊजींना एकांतात विचार. वरचा मजला मंजूर नकाशात आहे ना? नसेल तर कंपनीचे कागद गेले की जुनी फाइलही उघडते. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून मामंजींचंच नाव असेल, तर दिरांच्या सह्या आधी घ्या. भाडं सुरू झाल्यावर वाटणी आठवते सगळ्यांना.

करार नीट वाच, मराठीत समजावून घे. यांच्या करारात बहुधा कंपनी थोड्या महिन्यांच्या नोटिशीवर निघून जाऊ शकते, तू मात्र दहा-पंधरा वर्षं अडकतेस. दुसऱ्या कंपनीची अँटेना त्याच खांबावर चढवली तर वाढीव भाडं मिळणार का? वीज मीटर वेगळा आहे का? आणि कंपनीच बुडाली तर? एअरसेल 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. तसं झालं तर लोखंडाचा सांगाडा कोण उतरवणार? करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घे.

कराचंही तसंच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निकाल दिला. 2023 च्या त्या दूरसंचार कायद्याचं कलम 14 मात्र म्हणतं, की मालमत्ता करासाठी ही यंत्रणा त्या मालमत्तेचा भाग धरायची नाही, आणि ते जून 2024 पासून लागू आहे. तरी घराचं बिल तुझ्या नावाने येतं. जास्तीचा आकार आला तर कंपनी भरेल, एवढी ओळ करारात हवीच.

शेजारच्या काकू किरणांवरून भांडायला येतील. त्यांना हसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, म्हणजे शंका आहे, सिद्ध काही नाही. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. अँटेनाचा झोत गाडीच्या हेडलाइटसारखा समोर जातो, खाली फार कमी येतो. म्हणून तुझ्यापेक्षा समोरच्या उंच घराची खिडकी बघायची. दूरसंचार विभागाच्या 2013 च्या सूचनांत एका अँटेनासमोर त्याच उंचीची इमारत 20 मीटरच्या आत नको, असं होतं. कुणाला शंकाच असेल तर 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागवता येते.

आणि कुणी फोनवरून दूरसंचार नियामकाची, म्हणजे 'ट्रायची एनओसी' म्हणून आगाऊ पैसे मागितले तर सरळ पोलिसांत जा. ट्राय असली एनओसी देतच नाही.

संक्रांतीचं काय करणार आहेस? तीन दिवस अख्खं येवलं पतंग उडवायला गच्चीवर असतं, हलकडीचा ताल वाजतो, पोरं मांज्याची आसारी घेऊन कठड्यावर. मांजा खांबात अडकणारच, आणि तो सोडवायला कुणीतरी चढणारच. कंपनीच्या भागाला जाळीचं कुंपण आणि कुलूप हवं, उरलेल्या गच्चीवर तुमचा हक्क राहील असं लिहून हवं. कच्चा मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, सही करायच्या आधी.