दिवाळीचे स्वयंपाकघर : बालकांची प्रयोगशाळा

‘दर्शक म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपण उत्तरपत्रिकेत लिटमसचे नाव लिहितो व गुण मिळवतो. पण हळदीचा डाग साबण लावताच लाल का झाला, असे धाकट्या भावंडाने विचारले की आपले ज्ञान मुके होते. रसायनशास्त्र शिकवताना मला ही उणीव सतत जाणवते. ज्या शाळेत परीक्षानळीही नाही, तेथील मुलांना तर स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. म्हणून दिवाळीच्या सुटीत करून दाखवण्याजोगे तीन प्रयोग येथे देत आहे.

पहिला प्रयोग हळदीचा. चिमूटभर हळद अर्धी वाटी पाण्यात कालवावी. तीत चुन्याच्या निवळीचे थेंब टाकताच पाणी तांबडे होते. पुरेसे लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य अल्कलीत तांबडे व आम्लात पिवळे दिसते. म्हणजे हळद हाही दर्शकच. आपल्या शेजारच्या कानडी घरांत हळद-चुन्याच्या लाल पाण्याने आरती ओवाळतात, तिच्यामागेही हीच क्रिया आहे. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरा प्रयोग पणतीचा. एका वाटीत रंगीत पाणी घ्यावे, शेजारी थोडी खाली रिकामी वाटी ठेवावी व कापसाची ओली वात दोहोंत सोडावी. काही वेळाने रिकाम्या वाटीत पाणी उतरू लागते. वातीच्या तंतूंमधून द्रव वर चढतो, हे केशाकर्षण. पणतीत तेल असेच ज्योतीपाशी पोहोचते, तेथे त्याची वाफ होते व ती वाफ जळते. आता थंड, कोरडा काचेचा पेला ज्योतीवर क्षणभर उपडा धरावा. आत दमटपणा दिसेल. तेलातील हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन मिळून हे पाणी झाले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात एका मेणबत्तीवर मुलांसाठी व्याख्यानमाला दिली होती. आपली पणती त्याहून कमी बोलकी नाही.

तिसरा प्रयोग खाण्याच्या सोड्याचा. उंच पेल्यात चमचाभर सोडा घेऊन वर लिंबू पिळावे. फेस बसल्यावर, आतील द्रव न सांडता, पेला पणतीवर कलता करावा. काहीच ओतलेले दिसत नाही, तरी ज्योत विझते. कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने पाण्यासारखा खाली ओघळतो व ज्योतीला ऑक्सिजन मिळू देत नाही. ज्योतीचे प्रयोग मोठ्यांनीच करावेत.

एक पथ्य मात्र पाळावे. उत्तर आधी सांगू नये. ‘आता काय होईल?’ असे विचारावे, मुलाला तर्क करू द्यावा, मग कृती करावी. तर्क चुकला तर हसू नये. चूक का झाली हे त्यालाच शोधू द्यावे. मूल मराठीत विचारो वा कानडीत, त्याचा ‘का’ जिवंत राहिला पाहिजे. पदवीचा कागद मिळण्यापूर्वी एवढे काम आपणा प्रत्येकाला करता येईल.