दीड कोटीचा रहाणे, पावणेचोवीस कोटींचा वेंकटेश

प्रश्न : 2025च्या आयपीएलसाठी कोलकात्याने वेंकटेश अय्यरला 23.75 कोटी मोजले आणि अजिंक्य रहाणेला दीड कोटी. हा कुठला हिशेब?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नुसत्या धावा मोजल्या तर हिशेब फसलाच. त्या मोसमात रहाणेने 390 धावा केल्या, वेंकटेशने 142. म्हणजे रहाणेची धाव सुमारे 38 हजारांना पडली, वेंकटेशची पावणेसतरा लाखांना!

पण बोली लागते ती निकालाआधी. नोव्हेंबर 2024मध्ये जेद्दात लिलाव झाला, तेव्हा वेंकटेश एकोणतीस वर्षांचा होता. डावखुरा, गरजेला मध्यमगती टाकणारा, शिवाय त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात 26 चेंडूंत नाबाद 52. रहाणे छत्तिशीतला, पहिल्या फेरीत त्याला कुणी हातच लावला नाही, दुसऱ्या दिवशी मूळ किमतीत गेला. आणि किंमत चढायला दुसरं हट्टी गिऱ्हाईक लागतं. वेंकटेशसाठी बेंगळुरू साडेतेवीसपर्यंत भिडलं, रहाणेसमोर दुसरा हात वर झालाच नाही.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू स्वतः घासाघीस करतो. आउटफिल्डर हुआन सोतोने डिसेंबर 2024मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून 15 वर्षांचे 76.5 कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. आपल्याकडे लिलावात संघ निवडायची मुभाच खेळाडूला नाही.

माझं मत विचाराल तर वेंकटेशला दहा कोटी ठीक होते, वरचे ईर्ष्येचे. पुढच्या लिलावात तोच बेंगळुरूला सात कोटींत मिळाला.