कॉर्व्हेटची चाबी आणि ओहमचा नियम



कोणती मोटार किती वेगाने धावते, हे आजकाल पाचवीतला मुलगाही सांगतो. पण तीच मोटार रस्त्याच्या कडेला उभी असताना स्वतःचे रक्षण कसे करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. उदाहरण निवडले आहे शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचे, कारण दहावीच्या ‘विद्युत’ या धड्यातला ओहमचा नियम तिच्या चाबीत प्रत्यक्ष बसवलेला होता. (पुस्तकी मराठीत किल्ली म्हणतात, पण माळव्यात आपण चाबीच म्हणतो, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे.)

जनरल मोटर्स कंपनीची ही दोन आसनी गाडी १९५३ पासून बनते आहे. तिची चौथी पिढी १९८४ ते १९९६ या मॉडेल वर्षांत निघाली. गाडी महाग, देखणी आणि मागणी असलेली. त्यामुळे चोरांचेही तिच्याकडे लक्ष होते. त्या काळी चोर स्टीअरिंगच्या दांड्याचे आवरण फोडून आतले कुलूप निकामी करीत आणि चाबीवाचून गाडी सुरू करीत. कुलूप कितीही मजबूत केले तरी ते फुटू शकते, हे कंपनीच्या ध्यानात आले. म्हणून गाडीला दोन पहारेकरी दिले गेले. एक ओरडणारा आणि दुसरा गप्प राहून अडवणारा.

ओरडणारा पहारेकरी म्हणजे अलार्म. तो कामाला लावण्याची रीत ठरलेली होती. उतरताना चाबी काढून घ्यायची. दार उघडे असतानाच दारावरचे विजेच्या कुलपाचे बटण दाबायचे. त्यासरशी समोरच्या फलकावर ‘सिक्युरिटी’ असे लिहिलेला दिवा लागे. मग दार बंद करायचे. सर्व दारे बंद झाली की दिवा विझे, म्हणजे पहारा सुरू झाला. यानंतर दार चाबीनेच उघडायचे. आत हात घालून खटका वर केला आणि दार उघडले, तर मालक स्वतः असला तरी हॉर्न वाजू लागे. अलार्म चेहरा ओळखत नाही, रीत ओळखतो. चुकून वाजलाच तर दाराच्या कुलपात चाबी फिरवली की तो शांत होई. अलार्म लावायचाच नसेल, तर आधी दार बंद करून मग बाहेरून चाबीने कुलूप लावायचे.

ही रीत मालकाबरोबर घरातल्या प्रत्येकाला माहीत असणे आवश्यक आहे. ज्या घरची गाडी रोज उगाच ओरडते, त्या गाडीकडे शेजारी लक्ष देणे सोडतात. मग खरोखर चोर आला तरी कोणी खिडकी उघडत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे.

आता दुसरा पहारेकरी पाहू. तो १९८६ च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटमध्ये आला. इंजिन सुरू करण्याच्या चाबीच्या पात्यात एक लहानशी काळी गोळी बसवलेली असे आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूचे संपर्क असत. ही गोळी म्हणजे एक रोध. (हिंदी पुस्तकात ज्याला प्रतिरोध म्हणतात, त्यालाच मराठीत रोध म्हणतात.) चाबी कुलपात घातली की गाडीतला एक छोटा इलेक्ट्रॉनिक डबा या गोळीचा रोध मोजतो. तो ठरलेल्या किमतीशी जुळला तरच स्टार्टरला वीज मिळते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला इंधन सोडण्याची परवानगी मिळते. जुळला नाही, तर कुलूप फिरूनही गाडी जागची हालत नाही. म्हणजे आता स्टीअरिंगजवळचे कुलूप फोडून चोराचे काम भागत नव्हते.

येथे ओहमचा नियम आठवा. विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. समजा चाबीला ५ व्होल्ट दिले. रोध ४०२ ओहम असेल तर धारा सुमारे १२.४ मिलिअँपिअर येईल. ११,८०० ओहम असेल तर अवघी ०.४२ मिलिअँपिअर. धारेतील असा फरक मोजता येतो, म्हणून चाबी ओळखता येते.

अशा १५ प्रकारच्या चाब्या होत्या. पहिलीचा रोध ४०२ ओहम, दुसरीचा ५२३, तिसरीचा ६८१, चौथीचा ८८७ आणि याप्रमाणे वाढत वाढत पंधरावीचा ११,८०० ओहम. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हे आकडे नीट पाहावेत. लागोपाठच्या दोन आकड्यांतील अंतर सारखे नाही, पण गुणोत्तर जवळजवळ सारखे आहे. प्रत्येक रोध आधीच्या रोधाच्या सुमारे १.२७ पट आहे. ही भूमिती श्रेढी झाली. असे का केले? कारण रोधातील चूक नेहमी टक्केवारीत धरतात. एक टक्का चूक लहान रोधात चार ओहमची असते, तर मोठ्या रोधात ११८ ओहमची. अंतर सारखे ठेवले असते, तर एका टोकाला दोन चाब्यांत गोंधळ होण्याची भीती वाढली असती.

कोणी म्हणेल, प्रकार फक्त पंधरा, तर चोर पंधराही चाब्या घेऊन येईल. याचे उत्तर आहे वेळ. चुकीचा रोध दिसला की यंत्रणा दोन ते चार मिनिटे कोणतीही चाबी स्वीकारत नाही, मग ती बरोबर असली तरी. सरासरी तीन मिनिटे धरली, तर चौदा चुकीच्या प्रयत्नांना ४२ मिनिटे लागतात. शिवाय चाबीचे दातेही जुळायला हवेत. रस्त्यावर इतका वेळ थांबणे चोराला परवडत नाही.

हाच नियम मालकालाही लागू पडतो. पुष्कळांची फजिती येथेच होते. चाबीची गोळी मळली, तर मळाचा रोध तिच्या रोधात मिळतो. ४०२ मध्ये १२१ ओहमचा मळ मिळाला, की पहिली चाबी दुसरीसारखी भासते. मग गाडी सुरू होत नाही आणि ‘सिक्युरिटी’चा दिवा लागतो. अशा वेळी माणूस घाईने पुन्हापुन्हा चाबी फिरवतो. योग्य उपाय अगदी साधा आहे. चाबी काढावी, गोळीचे दोन्ही संपर्क कोरड्या कापडाने पुसावेत, चार मिनिटे शांत बसावे आणि मग एकदाच प्रयत्न करावा. तरीही जमले नाही, तर जपून ठेवलेली दुसरी चाबी वापरून पाहावी. दोन्ही चाब्या नाकारल्या गेल्या, तर बहुधा कुलपाकडे जाणारी बारीक तार तुटलेली असते. वर्षानुवर्षे चाबी फिरवून ती वाकते आणि झिजते. ते काम जाणकार कारागिराचे.

या त्रासाला कंटाळून काही मालक फलकाखाली त्याच किमतीचा रोध कायमचा जोडून टाकतात. गाडी मग विनातक्रार सुरू होते, पण डब्याला योग्य रोध सदैव दिसत असतो आणि कुलूप फोडणाऱ्याला कोणी अडवत नाही. तार दुरुस्त करायला खर्च येतो हे खरे, पण पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे ही दुरुस्ती नव्हे.

आजच्या गाड्यांच्या चाबीत रोधाऐवजी सूक्ष्म चिप असते. ती गाडीशी रेडिओ लहरींनी बोलते आणि उत्तर प्रत्येक वेळी वेगळे देते. तरी चोरही शिकतात. खिशातून न काढता चालणाऱ्या चाबीची लहर वाढवून गाडीपर्यंत पोहोचवण्याची युक्ती त्यांनी शोधली आहे. म्हणून यंत्र कितीही नवे असले, तरी ते वापरणाऱ्याने त्याची रीत समजून घेणे सुटत नाही.

पालकांना आमची विनंती आहे, की घरात स्कूटर, मोटार किंवा मोबाइल काहीही नवे आले, तर सोबतची पुस्तिका मुलांबरोबर बसून वाचावी. कोणता दिवा काय सांगतो, कोणता आवाज कशाचा, दुसरी चाबी कोठे ठेवली आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे. कंटाळा येतो म्हणून मोबाइलचे कुलूप काढून टाकणारा मुलगा आणि तो कायमचा रोध जोडणारा मालक एकाच वर्गात बसतात.

स्वाध्याय

१. ५ व्होल्ट विभवांतर असताना ८८७ ओहमच्या चाबीतून किती धारा वाहील?

२. ४०२, ५२३, ६८१ आणि ८८७ यांतील लागोपाठच्या संख्यांची गुणोत्तरे काढा.

३. प्रत्येक चुकीनंतर चार मिनिटे थांबावे लागले, तर चौदा चुकीच्या चाब्यांना किती वेळ लागेल?

४. आपल्या घरच्या वाहनाच्या पुस्तिकेतून सुरक्षेविषयीच्या तीन सूचना शोधा व त्या आपल्या शब्दांत मराठीत लिहा.