चिकित्सालयीन मानसशास्त्र : व्यवसाय निवडण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की पालक सल्ल्यासाठी शिक्षकांकडे येतात. खेड्यात पुष्कळदा सरपंचांकडेही येतात. मानसशास्त्राची चौकशी करणारे विद्यार्थीही आता त्यांत असतात. ‘कला शाखेतील एक सोपा विषय’ एवढीच आपली समजूत असेल, तर आपल्या सल्ल्याने विद्यार्थ्याची पाच-सात वर्षे वाया जाण्याचा संभव आहे.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांत गल्लत होते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व तो औषधे देतो. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. मुलाखत, निरीक्षण व प्रमाणित चाचण्या यांच्या आधारे तो निदानास साहाय्य करतो आणि मानसोपचार करतो. चौथीतील एखाद्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून वर्गात तो ‘ढ’ ठरतो. त्याची बुद्धी कमी आहे, की बुद्धी चांगली असूनही अध्ययन अक्षमता आहे, की घरातील भांडणांनी तो खचला आहे? या तिन्हींवरचे उपाय भिन्न आहेत, आणि चुकीचा शिक्का बसल्यास तो पुसणे कठीण जाते.

अशा मापनाचा एक जुना प्रयत्न मराठीशी निगडित आहे. बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड व मराठी मुलांसाठी रूपांतर कामत यांनी १९३०च्या दशकात केले आणि ‘बिने-कामत’ हे नाव रूढ झाले. मात्र त्या काळच्या मुलांवर बसविलेली प्रमाणके आजच्या मुलाला लावताना किती सावध राहावे, हे जाणणारा माणूस प्रशिक्षितच असावा लागतो.

म्हणूनच शिक्षणाचा मार्ग नीट समजून घेतला पाहिजे. केवळ बी. ए. किंवा सर्वसाधारण एम. ए. झाल्याने हा व्यवसाय करता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. नोंदणीविना व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. दीर्घकाळ एम. ए. नंतरची दोन वर्षांची, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामासह होणारी एम. फिल. ही त्याची वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद केली, या विषयापुरती मुदत मात्र २०२५-२६ पर्यंत वाढविली; परिषदेने नवे अभ्यासक्रमही आखले आहेत. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आपली संस्था आहे की नाही, हे पाहावेच. आकर्षक नावाच्या अल्पमुदतीच्या पदविकांनी ही नोंदणी मिळत नाही.

कामाची उणीव नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही या तज्ज्ञासाठी पद ठेवलेले आहे. तथापि शासकीय पदे मोजकीच, आणि पहिली काही वर्षे मिळकत बेताची, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

स्वभावाचा विचार गुणांइतकाच महत्त्वाचा. तासन् तास दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणे, आणि ऐकलेले घरीदारी कोठेही न बोलणे, हे सर्वांना साधत नाही. रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने दिलेला हक्क आहे. गावातील कोण उपचार घेतो हे अशा तज्ज्ञाला पंचायत सदस्यांनी विचारू नये, आणि विचारल्यास त्याने सांगू नये.

इंग्रजीच्या भीतीने ग्रामीण विद्यार्थी मागे हटतात. ग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत हे खरेच, आणि तेवढी मेहनत घ्यावीच लागेल. पण रुग्ण ‘नैराश्य’ हा शब्द वापरीत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘काळीज धडधडते’, ‘कशात मन लागत नाही’ असे तो सांगतो. अहिराणी किंवा वऱ्हाडी मुलखात आणखी वेगळ्या शब्दांत सांगतो. त्या मुलखात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे शब्द शिकावे लागत नाहीत.