आवाजाचा हिशेब : बिट किती हवेत?

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी आपापली भजनी मंडळे चालवली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. त्या मंडळांत गायलेले बुवा आता वयोवृद्ध झाले आहेत. अशा एखाद्या आजोबांचा आवाज जपून ठेवण्यासाठी नातू संगणकापुढे बसला, की पडद्यावर पहिलाच प्रश्न येतो : १६ बिट, २४ बिट की ३२ बिट फ्लोट? पुढे प्लग-इन उघडावे, तर त्यावर लिहिलेले असते ६४ बिट! या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसेल तर ध्वनिमुद्रण बिघडू शकते, आणि आजोबा पुन्हा तसेच गातील याची खात्री कोणी द्यावी? म्हणून हा हिशेब समजून घेऊ.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. संगणकाला जोडलेले उपकरण हा विजेचा दाब सेकंदाला हजारो वेळा मोजते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरवली गेली. प्रत्येक मोजमाप किती बारीक असावे, हे बिटांच्या संख्येवर अवलंबून असते.

फूटपट्टीची कल्पना करा. एका पट्टीवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा आहेत, दुसरीवर मिलिमीटरच्या. दुसरीने माप अधिक अचूक येते. एक बिट वाढला की खुणांची संख्या दुप्पट होते. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या मिळतात, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. प्रत्येक बिटामागे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणजे १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबल. प्रत्यक्षात उपकरणांची खरखर आड येते, त्यामुळे १४४ डेसिबलचा सगळा पल्ला हाती लागत नाही.

फितीपासून प्लग-इनपर्यंत

व्ही. शांताराम यांनी १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर हा स्टुडिओ उभारला. मंगेश देसाई हे तेथील नावाजलेले ध्वनिमुद्रक. त्या काळी ध्वनी चुंबकीय फितीवर साठवू लागले होते. एका फितीवरून दुसरीवर नक्कल केली की थोडी खरखर वाढे. आवाज घुमवायचा किंवा त्याचा खर्ज उठवायचा, तर त्यासाठी वेगळी यंत्रे लागत.

आज ही कामे संगणकातील छोटे कार्यक्रम करतात. मुख्य ध्वनिमुद्रण कार्यक्रमाला ते हवे तसे जोडता येतात, म्हणून त्यांना प्लग-इन म्हणतात. श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली अशा जोडणीची व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि ती सर्वत्र रूढ झाली. आकड्यांची नक्कल करताना खरखर मुळीच वाढत नाही. पण प्लग-इन नुसती नक्कल करत नाही. ते प्रत्येक मोजमापावर गुणाकार-भागाकार करते, आणि खरी मेख तेथेच आहे.

आसन्न मूल्याचा घोटाळा

समजा, फार हळू आवाजाची तीन मोजमापे आहेत : ५, ७, ३. पहिल्या प्लग-इनने आवाज आठपट कमी केला, दुसऱ्याने पुन्हा आठपट वाढवला. उत्तर मुळासारखेच यायला हवे. पण फक्त पूर्णांकच लिहिण्याची मुभा असेल तर काय होईल?

८ ने भागल्यावर ०.६२५, ०.८७५, ०.३७५ येतात. जवळचे पूर्णांक १, १, ०. आता ८ ने गुणा : ८, ८, ०. मूळ ५, ७, ३ कुठे आणि हे कुठे! लाटेचा आकारच बदलला. कानाला ही चूक खरखरीसारखी ऐकू येते.

गणिताच्या तासाला गुरुजी सांगतात, आसन्न मूल्य शेवटच्या पायरीला घ्या, मधल्या पायऱ्यांत अंक तोडू नका. प्लग-इनलाही हाच नियम लागू आहे. म्हणून ध्वनी १६ किंवा २४ बिटांत साठवलेला असला, तरी मधला हिशेब त्याहून जास्त बिटांत करतात.

३२ बिट फ्लोट म्हणजे काय?

भौतिकशास्त्रात तुम्ही ३,००,००० ही संख्या ३ × १०⁵ अशी लिहिता. संख्येचे अंक वेगळे, घातांक वेगळा. ३२ बिट फ्लोटमध्ये १ बिट धन-ऋण चिन्हासाठी, ८ घातांकासाठी आणि २३ अंकांसाठी असतात. द्विमान पद्धतीत अशा मांडणीतला पहिला अंक १ च असतो. तो लिहावा लागत नाही, म्हणून अचूकता २४ बिटांची मिळते. संख्या लहान असो वा मोठी, अचूक अंक तेवढेच राहतात.

याचा दुसरा फायदा असा : एखाद्या प्लग-इनने आवाज मर्यादेबाहेर वाढवला, तरी पुढे तो कमी केला की लाट सहीसलामत परत मिळते. मात्र ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पखवाजाच्या थापेने मोजणारे उपकरण मर्यादेबाहेर गेले आणि लाटेचा माथा छाटला गेला, तर तो माथा कोणत्याही बिटांनी परत येत नाही.

६४ बिटांचे दोन अर्थ

'६४ बिट प्लग-इन' या शब्दांनी पुष्कळांचा गोंधळ होतो. एक अर्थ संगणकाच्या स्मृतीचा. ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ४ गिगाबाइटपर्यंतच पोचता येते. ६४ बिटांनी कितीतरी पुढे. याचा आवाजाच्या दर्जाशी संबंध नाही. दुसरा अर्थ हिशेबाच्या अचूकतेचा. व्हीएसटीमध्ये २००६ साली प्लग-इनना ६४ बिटांचे आकडे देण्याघेण्याची सोय झाली. आलेले उत्तर पुन्हा पुन्हा हिशेबात घेणाऱ्या काही चाळण्यांना, विशेषतः खर्जाच्या आवाजासाठी, ही अचूकता उपयोगी पडते. एरवी ३२ बिट फ्लोट पुरते.

मग करावे काय?

ध्वनिमुद्रण २४ बिटांत करा. सर्वांत जोरदार थाप कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली ठेवा. १२ डेसिबल म्हणजे २ बिट. तरी २२ उरतात, सीडीच्या १६ पेक्षा जास्तच. मधले काम ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. १६ बिट हवेच असतील, तर ते अगदी शेवटी, एकदाच करा. आणि मूळ २४ बिट ध्वनिमुद्रण पुसू नका.

करून पाहा

१. ६, १०, १३ ही मोजमापे ४ ने भागा, जवळचा पूर्णांक घ्या (अर्धा आल्यास वरचा) आणि ४ ने गुणा. काय उरते?
२. सेकंदाला ४८,००० मोजमापे, प्रत्येक २४ बिटांचे. आजोबांच्या एका मिनिटाच्या अभंगाला किती बाइट लागतील? (८ बिट = १ बाइट; एकच मायक्रोफोन.)

उत्तरे : १) ८, १२, १२. २) ८६,४०,०००.