इंग्रजीचा पाठ : ‘जातों’ आणि ‘जात आहें’

इंग्रजी वाचूं लागलेल्या आपल्या मंडळींतील पुष्कळांस वर्तमानकाळाचीं दोन्ही रूपें तोंडपाठ येतात. परंतु कोणतें रूप कोठें योजावें असें विचारलें कीं ते थबकतात. ‘आय गो’ म्हणजे मी जातों आणि ‘आय ॲम गोइंग’ म्हणजे मी जात आहें, एवढें सांगून शिकविणारा पुढच्या धड्यास लागतो. हें भाषांतर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आणि केवळ त्याच्या भरवशावर लिहिलेला अर्ज वाचणाराच्या मनांत भलताच अर्थ उत्पन्न करितो.

अडचणीचें मूळ आपल्याच भाषेंत आहे. मराठींत ‘तो जातो’, ‘तो जात आहे’ आणि ‘तो जात असतो’ अशीं तीन रूपें आहेत. इंग्रजींत त्यांच्या जागीं दोनच. नित्याची रीत सांगणारें आपलें ‘जात असतो’ हें इंग्रजींत साध्या रूपानें सांगतात, चालू रूपानें नव्हे. ‘तो दर रविवारीं येथें येत असतो’ याचें इंग्रजी ‘ही कम्स हिअर एव्हरी संडे’. येथें ‘येत’ हा शब्द पाहून ‘कमिंग’ लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा.

शिवाय आपलें ‘जातों’ फार कामाचें आहे. निरोप घेतांना, वचन देतांना, उद्यांचा बेत सांगतांना आपण तेंच वापरतों. ‘थांबा, मी पत्र घेऊन येतों’ या वाक्यांत रीत नाहीं व चालू क्रियाही नाहीं. तें वचन आहे. म्हणून इंग्रजींत ‘आय विल ब्रिंग द लेटर’ असें भविष्यकाळीं म्हणावें. ‘मी उद्यां मुंबईस जातों’ हा ठरलेला बेत. त्यास मात्र ‘आय ॲम गोइंग टु मुंबई टुमॉरो’ हें चालू रूपच शोभतें. वेळापत्रकाची गोष्ट निराळी. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’ म्हणजे गाडी रोज सहाला सुटते. ‘द ट्रेन इज लीव्हिंग’ असें कोणी ओरडलें तर धांवावें.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. समजा, एखाद्याचा भाऊ तापानें अंथरुणास खिळला होता, त्याच्या घशाखालीं पाणी उतरत नव्हतें, आणि आज तो घोट घोट पिऊं लागला. दूरच्या डॉक्टरांस चिठ्ठी जाते : ‘ही ड्रिंक्स नाऊ’. लिहिणाराच्या मनांत ‘आतां तो पितो’ एवढेंच आहे. पण इंग्रजींत नुसतें ‘ही ड्रिंक्स’ म्हटलें कीं त्या मनुष्यास दारूचें व्यसन आहे असा अर्थ होतो. डॉक्टर त्या समजुतीनें पुढचा उपाय ठरवूं लागले तर काय घडेल, याचा वाचकांनीं विचार करावा. ‘ही इज ड्रिंकिंग अ लिटल वॉटर नाऊ’ असें लिहिलें म्हणजे संशयास जागा राहत नाहीं.

तसेंच ‘वॉट डू यू डू?’ हा प्रश्न. नोकरीच्या मुलाखतींत तो हटकून येतो. तुमचा उद्योग काय, असें विचारणारा पुसतो. या क्षणीं काय चाललें आहे हें त्यास नको आहे. तें हवें असतें तर तो ‘वॉट आर यू डूइंग?’ म्हणाला असता.

‘ऑल्वेज’ हा शब्द चालू रूपाशीं जोडतांना फार जपावें. ‘यू आर ऑल्वेज गिव्हिंग मी ॲडव्हाइस’ असें कृतज्ञतेनें लिहिलेलें वाक्य वडीलधाऱ्या मनुष्यास कुरकुरीसारखें वाटेल, जणूं तुम्ही उपदेश करकरून मला भंडावतां! ‘यू ऑल्वेज गिव्ह मी गुड ॲडव्हाइस’ हें साधें रूप बरें.

कांहीं क्रियापदें चालू रूप बहुधा घेतच नाहींत. जाणणें, समजणें, विश्वास ठेवणें, इच्छिणें, मालकी असणें, हीं त्यांतलीं. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हीं वाक्यें आपल्या देशांत जिकडेतिकडे ऐकूं येतात, तरी प्रमाण इंग्रजींत तीं चुकीचींच. ‘आय नो हिम’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणावें. भाऊ असणें ही कांहीं घडत चाललेली क्रिया नव्हे. जेवणाच्या अर्थीं मात्र ‘वुई आर हॅविंग डिनर’ चालतें.

‘ती दहा वर्षें येथें शिकवीत आहे’ याकरितां या दोहोंपैकीं एकही रूप उपयोगी नाहीं. तेथें ‘शी हॅज बीन टीचिंग हिअर फॉर टेन इयर्स’ असें लागतें. त्याचा विचार स्वतंत्र पाठांत करणें बरें.

जुनें इंग्रजी शास्त्र वाचणारांसाठीं एक सूचना. १६११ सालच्या त्या भाषांतरांत चालू रूप क्वचितच आढळतें; तेव्हां साधेंच रूप बहुधा दोन्ही कामें करी, आणि ‘कम्स’ याच्या जागीं ‘कमेथ’ असें लिहीत. तें वाचावें, समजावें. पत्रांत त्याचें अनुकरण करूं नये.

सरावासाठीं पुढील वाक्यांचें इंग्रजी करावें : माझा भाऊ शेती करतो. आई आतां भाकरी भाजीत आहे. तो रोज विहिरीवर जात असतो. थांबा, मी दार उघडतों. त्यांच्याजवळ दोन बैल आहेत. पाऊस पडत आहे, पण येथें मे महिन्यांत पाऊस पडत नाहीं.