प्राचीन मिसर देशातील चित्रित शवपेटिका
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी इतिहासाचा पाठ)

उद्देश : मिसरचे नाव निघताच मुलांचे मन भयकथांकडे धावते. ती भीती दूर सारून, शवपेटिकेवरील चित्रे केवळ शोभेची नसून मृताच्या उपयोगासाठी काढलेली असत, हे मुलांस समजावे.

साहित्य : जगाचा नकाशा, पुठ्ठ्याची पेटी, गेरू, काजळी, खडूची भुकटी व सरस.

विवेचन : मिसर देशात चांगले लाकूड दुर्मिळ. धनिक लोक लेबनॉनचा देवदार आणवीत. इतरांस उंबराच्या कुळातील स्थानिक वृक्षाच्या आखूड, गाठाळ फळ्यांवर भागवावे लागे. सुतार फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडी, फटी बुजवी व वर खडू आणि सरस यांचा लेप देई. तांबडा व पिवळा रंग मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र वाळू, चुना, तांबे व खार एकत्र भाजून सिद्ध करीत.

इ. स. पू. २००० च्या सुमारास पेटी चौकोनी असे. मृतास डाव्या कुशीवर, पूर्वाभिमुख निजवीत. त्याच्या मुखासमोर पेटीच्या बाहेरील बाजूवर दोन डोळे रंगवीत. त्यांतून त्याने उगवता सूर्य पाहावा ही भावना. आत दार व अन्नपदार्थ चितारीत. आप्तांनी नैवेद्य आणणे थांबविले, तरी मृत उपाशी राहू नये! देर अल-बर्शा येथे १९१५ साली सापडलेली जेहुतीनख्त या अधिकाऱ्याची देवदारी पेटी या कलेचा उत्तम नमुना होय. ती आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

पुढे पेटीस मनुष्याकृती आली. झाकणावर आकाशदेवता नूत पंख पसरून मृतास कवेत घेऊ लागली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव. नाव पुसले तर मनुष्यही पुसला जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही इ. स. पू. १००० च्या सुमारास, लाकडाच्या टंचाईत, जुन्या पेट्या नव्याने रंगवून त्यांवर दुसऱ्यांची नावे लिहिली गेली. श्रद्धा व गरज यांचा हा झगडा मुलांपुढे अवश्य मांडावा.

सूचना : एखाद्या मुलाच्या घरी नुकतेच दुःख घडले असल्यास पाठ पुढे ढकलावा.

प्रश्न : १) डोळे पूर्वेच्या बाजूसच का? २) खऱ्या अन्नाऐवजी चित्र का? ३) दुसऱ्याचे नाव पुसणे योग्य होते काय?

स्वाध्याय : पुठ्ठ्यावर लेप देऊन, तो वाळल्यावर गेरू व काजळीने दोन डोळे रंगवा.